घर बायकोच्या नावावर करून नादारी घेऊ का?

ताई,
मी इचलकरंजीचा, वय ४७. आठ साधे माग आहेत, खर्चीवर, म्हणजे दुसऱ्याचं सूत मजुरीने विणून, चालवतो. तीन वर्षांपूर्वी स्वतः सूत घेऊन कापड विणायची हौस केली, भाव पडला आणि सगळं अंगलट आलं. आता परत खर्चीवर आलोय, पण मजुरी आणि वीजबिल यांचा मेळ बसत नाही. पतसंस्थेचे ८ लाख आहेत. माग तारण, दोन जामीनदार, त्यातला एक शाळेपासूनचा मित्र. बँकेचं पर्सनल लोन ४ लाख ५० हजार. दोन क्रेडिट कार्डांचे १ लाख ९० हजार. सूतवाल्याचे ३ लाख २० हजार. त्याला दिलेला चेक परत गेला, शनिवारी वकिलाची नोटीस आली. साडूचे हातउसने २ लाख. एका माणसाकडून महिना ५ टक्क्यांनी दीड लाख, त्याच्याकडे माझी सही केलेला कोरा स्टँप आहे. राहतं घर माझ्या एकट्याच्या नावावर, १६ लाखांपर्यंत जाईल. चुलतभाऊ न्यू जर्सीत असतो. तो म्हणतो, बँकरप्सी फाइल कर, चार महिन्यांत पाटी कोरी. खरं का? आधी घर बायकोच्या नावावर करून मग अर्ज केला तर चालेल का? बक्षीसपत्राचा मसुदा करून ठेवलाय. मुलगा नुकताच नोकरीला लागलाय, त्याच्या पगारावर येतील का? मला अटक होईल का? बायकोला यातलं निम्मंही माहीत नाही. कधीकधी जीव नकोसा होतो.
– एक खर्चीवाला

भाऊ,

तुमच्या पत्रातली एक गोष्ट सदर छापून येईपर्यंत थांबणारी नव्हती, म्हणून ती तुम्हाला आधीच कळवली आहे. बाकीच्यांसाठी इथे परत लिहिते. चेक परत गेल्याची नोटीस हातात पडली की पैसे भरायला १५ दिवस मिळतात. ते उलटले की समोरच्याला फौजदारी तक्रार करता येते. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी कायद्यात तरतूद आहे. तुमच्या सगळ्या यादीत घड्याळ लावलेलं कर्ज हे एकच. नादारीचा, म्हणजे कोर्टाकडून दिवाळखोर ठरवून घेण्याचा, अर्ज ते घड्याळ थांबवत नाही. नादारी दिवाणी देण्याघेण्याची, चेकचा खटला फौजदारी. सूतवाल्याकडे वकिलाला पाठवू नका, स्वतः जा. हे प्रकरण खटला उभा राहिल्यावरही कुठल्याही टप्प्यावर आपसात मिटवता येतं. त्यालाही कोर्टाच्या चकरा नको असतात, त्याला सूताचे पैसे हवे असतात.

जीव नकोसा होतो असं तुम्ही शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिलंत. मी ते जाता जाता वाचलं नाही. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्रीबेरात्री उचलतात आणि मराठीत बोलतात. आजच फोन करा, आणि आज घरात एका माणसाला तरी हे सांगा. कोणाला, ते पुढे येईलच. एकवीस लाखांचं कर्ज असलेला माणूस मी वकिलीच्या काळात दर आठवड्याला पाहिला आहे. त्यातले बहुतेक आजही बाजारात भेटतात आणि मीच त्यांना ओळखत नाही असं दाखवते, त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

आता तुमचा चुलतभाऊ. तो खोटं बोलत नाहीये, पण तो त्याच्या गावचं सांगतोय. अमेरिकेत चॅप्टर ७ नावाचा प्रकार आहे. संघराज्याच्या कोर्टात अर्ज करायचा, उत्पन्नाची चाचणी लागते, ट्रस्टी नेमला जातो, कायद्याने सोडलेल्या वस्तू वगळून बाकीची मालमत्ता विकली जाते आणि साधारण चार महिन्यांत उरलेल्या बऱ्याचशा कर्जातून सुटका मिळते. तिथेही मुलांची पोटगी सुटत नाही, शिक्षणाचं कर्ज सहसा सुटत नाही आणि कर्जाच्या नोंदीवर (क्रेडिट रिपोर्टवर) तो डाग १० वर्षं राहतो. पण तिकडे ही रोजची, मळलेली वाट आहे. आपल्याकडे ती वाट नकाशात आहे, जमिनीवर गवत वाढलंय.

आपल्याकडे २०१६ साली नवी दिवाळखोरी संहिता आली. टीव्हीवर मोठमोठ्या कंपन्यांची नावं घेऊन जे चालतं ते त्याच संहितेखाली. तिच्यात साध्या माणसांसाठीही एक अख्खा भाग लिहिलेला आहे. पण तो भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता लागू केला गेला. तुमच्यामाझ्यासारख्यांसाठी तो अजून सुरूच केलेला नाही. त्यात ‘नवी सुरुवात’ म्हणून गरिबांसाठी एक सोय आहे: वर्षाचं उत्पन्न ६० हजारांच्या आत, मालमत्ता २० हजारांच्या आत, कर्ज ३५ हजारांच्या आत आणि स्वतःचं घर नको. हे आकडे वाचून हसावं की रडावं कळत नाही. ३५ हजार तुमच्या सावकाराचं पाच महिन्यांचं व्याजही होत नाही. असो, तीही कागदावरच आहे.

म्हणजे तुमच्यासाठी उरतो तो इंग्रजांचा १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. मुंबई शहरातल्या वाचकांसाठी १९०९ चा वेगळा कायदा आहे आणि तिथे हे काम उच्च न्यायालयात, ऑफिशियल असायनी नावाच्या अधिकाऱ्याकडे चालतं. बाकी महाराष्ट्रात जिल्हा न्यायालय, किंवा ज्याला तसा अधिकार दिला असेल ते खालचं न्यायालय. तुमच्या बाबतीत कोल्हापूर जिल्हा.

शब्दाबद्दल एक सांगू? पूर्वी शाळेत गरीब मुलाची फी माफ व्हायची, त्याला ‘नादारी मिळाली’ म्हणायचे. माझ्या वर्गात चार जणींना होती. त्यामुळे आमच्या पिढीच्या कानाला नादारी म्हणजे माफी असं वाटतं, आणि अशिलं येऊन तसंच विचारायची: ‘नादारी मिळेल का?’ कोर्टातली नादारी मिळत नाही, ती पत्करावी लागते. आपल्याकडे जे जे आहे ते कोर्टाच्या हवाली करतो, असं लिहून द्यायचं असतं.

ते कसं चालतं ते सांगते. अर्ज करायला कर्ज किमान ५०० रुपयांचं हवं. हसू नका, १९२० मध्ये ती मोठी रक्कम होती आणि नंतर कोणी बदलली नाही. कर्ज त्याहून कमी असलं तरी पैशाच्या हुकूमनाम्यात, म्हणजे पैसे द्या असा कोर्टाचा निकाल झाल्यावर, अटक झालेली असेल किंवा मालमत्तेवर जप्ती चालू असेल तरीही अर्ज करता येतो. अर्जात लिहावं लागतं की मी कर्ज फेडायला असमर्थ आहे. मग सगळ्या देणेकऱ्यांची, म्हणजे ज्यांचे पैसे तुम्ही द्यायचे आहेत त्यांची, नावं, पत्ते, रकमा. सगळी मालमत्ता, कुठे आहे, किती किमतीची. आणि ती सगळी न्यायालयाच्या स्वाधीन करायला तयार असल्याचं निवेदन. हिशेबाच्या वह्याही द्याव्या लागतात. मग कोर्ट तारीख लावतं, देणेकऱ्यांना नोटिसा जातात, ते येऊन तुम्हाला प्रश्न विचारतात. भर कोर्टात, सूतवाला आणि साडू एकाच बाकावर. कोर्टाची खात्री पटली की तुम्हाला नादार ठरवणारा हुकूम होतो, तो राजपत्रात छापला जातो आणि त्या क्षणी तुमची मालमत्ता तुमची राहत नाही. कोर्टाची किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरची होते. पुढे सुटका होईपर्यंत तुमच्याकडे जे नवीन येईल, उदाहरणार्थ वडिलोपार्जित काही वाट्याला आलं, तेही त्याच्याकडे जातं.

सगळंच जात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये जप्त न होणाऱ्या वस्तूंची यादी आहे आणि नादारीतही ती तशीच पाळली जाते. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. धर्माच्या रिवाजाने बाईला अंगावरून उतरवता येत नाही असा दागिना, म्हणजे मंगळसूत्र. तुमच्या आयुर्विम्याचे पैसे. कारागिराची हत्यारं. शेतकरी असतो तर त्याचं घर आणि अवजारंही वाचली असती. तुम्ही शेतकरी नाही, त्यामुळे घर वाचत नाही. माग हे हत्यार की कारखाना, यावर वकील दोन तारखा भांडतील, पण तुमचे माग तारण आहेत, म्हणून तो वादच निरर्थक. तारण घेतलेल्या देणेकऱ्याला नादारी अडवत नाही. पतसंस्था नादारीच्या बाहेर उभी राहून माग उचलू शकते. बायकोचं माहेरचं सोनं तुमचं नव्हतंच, ते तिचं स्त्रीधन आहे.

हुकूम झाल्यावर बिनतारणी देणेकऱ्यांना कोर्टाच्या परवानगीशिवाय तुमच्यावर स्वतंत्र दावा किंवा वसुली करता येत नाही. सगळ्यांनी एकाच रांगेत यायचं, आपलं कर्ज शाबीत करायचं आणि विक्रीतून जे येईल त्यात हिश्शाने घ्यायचं. अटकेपासून संरक्षणाचा हुकूम मागता येतो. नादारीचा खरा उपयोग हा एवढाच आहे: दहा दिशांनी येणारे दहा जण एका दाराशी उभे राहतात. ज्याच्या दाराशी रोज वेगवेगळे बेलीफ येतात त्याला ह्याचं मोल कळतं.

मग शेवटी सुटका. ठरवून दिलेल्या मुदतीत तुम्हीच सुटकेचा अर्ज करायचा. विसरलात तर नादारी रद्द होऊन सगळे देणेकरी मोकळे सुटू शकतात. कोर्ट पूर्ण सुटका देतं, नाकारतं, लांबवतं किंवा पुढच्या कमाईतून इतकं भरा अशी अट घालतं. इथे तो प्रसिद्ध आठ आण्यांचा नियम येतो. मालमत्तेतून देण्याच्या रुपयाला आठ आणेही, म्हणजे निम्मेही, निघत नसतील, आणि ही अवस्था माझ्या दोषाने झालेली नाही हे तुम्हाला दाखवता आलं नाही, तर कोर्टाने पूर्ण सुटका देऊ नये. वह्या ठेवल्या नसतील, बुडतोय हे कळूनही धंदा रेटला असेल, सट्टा-जुगार-उधळपट्टी असेल, तरीही तेच. आणि सुटका झाली तरी सरकारी देणं, फसवून केलेलं कर्ज आणि पोटगी अंगावर राहतेच. सुटका होईपर्यंत कोणाकडून ५० रुपये उधार घेतले आणि आपण नादार आहोत हे सांगितलं नाही तर तोही गुन्हा. नगरपालिकेला उभं राहता येत नाही, आमदार-खासदार होता येत नाही. हे शेवटचं तुम्हाला फार लागणार नाही म्हणा.

आता तुमचा हिशेब मांडते. घर १६ लाख. साधे माग हल्ली भंगाराच्या भावानेच जातात, तरी सगळे मिळून अडीच लाख धरू. झाले साडेअठरा. देणं एकवीस लाख दहा हजार. म्हणजे रुपयाला चौदा आणे. भाऊ, तुम्ही आठ आण्यांच्या रेषेच्या कितीतरी वर आहात! नादारी घेतलीत तर घर जाईल, तेही रिसीव्हरच्या विक्रीत, जिथे गिऱ्हाईक पडेल भाव मागूनच उभं असतं. त्यात काही वर्षं जातील. आणि इतकं सगळं करून तुमच्या पदरात काय पडेल? उरलेल्या दोन-चार आण्यांची माफी. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला नादारीने सावली मिळते. ज्याच्याकडे घर आहे त्याच्यासाठी ती लिलावाचंच दुसरं नाव. म्हणून माझं उत्तर: आज अर्ज करू नका.

‘म्हणूनच तर घर आधी हिच्या नावावर करतो,’ हे तुमचं म्हणणं मला ऐकू येतंय. मसुदा कोणीतरी करून दिलाय, राहत्या घराचं नवऱ्याने बायकोला बक्षीसपत्र करायला मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं, तेही सांगितलं असेल. त्याने हे सांगितलं नाही: बक्षीसपत्र केल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज दाखल होऊन तुम्ही नादार ठरलात तर रिसीव्हर ते बक्षीसपत्र रद्द करून घेऊ शकतो. नादारी घेतलीच नाही तरी देणेकऱ्यांना चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतर म्हणून कोणताही देणेकरी दिवाणी दावा लावू शकतो. देणेकऱ्यांच्या हाती लागू नये म्हणून मालमत्ता लपवणं हा फौजदारी गुन्हाही आहे. आणि सुटकेच्या वेळी कोर्ट पहिला प्रश्न हाच विचारणार. माझ्याकडे एक किराणावाला आला होता, नव्वदच्या दशकात. कागदपत्रं चोख, वह्या चोख, माणूस खरंच बुडालेला. फक्त टेम्पो मेव्हण्याच्या नावावर करून ठेवला होता आणि मला सांगितलं नव्हतं. एका देणेकऱ्याने टेम्पोचा विमा कोण भरतो ते शोधून काढलं. त्या जुन्या टेम्पोपायी त्याचं बाकीचं सगळं खरं बोलणं वाया गेलं.

साडूचंही तसंच. त्याला गुपचूप आधी देऊन टाकावं असं वाटतंय, ते पत्रात नाही, पण हातउसने घेतलेल्या प्रत्येकाला वाटतं. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एखाद्या देणेकऱ्याला झुकतं माप द्यायच्या हेतूने दिलेले पैसे रिसीव्हर परत मागवू शकतो. सूतवाल्याला कायदेशीर नोटिशीच्या दबावाखाली दिले आणि साडूला मायेपोटी दिले, यात कायदा फरक करतो.

मुलाचं सोपं आहे. त्याने कुठे जामीनदार म्हणून सही केली नसेल तर त्याच्या पगाराला कोणी हात लावू शकत नाही. बापाचं ऋण मुलाने फेडावं हे जुनं धार्मिक बंधन होतं, पण हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर घेतलेल्या कर्जासाठी त्या आधारावर मुलाकडे मागता येत नाही. उद्या पतसंस्था ‘नवं-जुनं करू, मुलाची सही आणा’ म्हणेल. आणू नका. वसुलीवाल्याने मुलाच्या ऑफिसात फोन केला तर तारीख-वेळ लिहून ठेवा. बँका आणि त्यांच्या वसुली एजंटांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, नातेवाइकांना त्रास द्यायलाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. हे पतसंस्थेला मात्र लागू नाही. पतसंस्था सहकार खात्याखाली येते.

अटकेबद्दल. नुसतं कर्ज थकलं म्हणून पोलीस उचलत नाहीत. वसुलीवाला फोनवर ‘वॉरंट निघालंय’ म्हणतो तेव्हा त्याला केस नंबर विचारा. पैशाच्या हुकूमनाम्यात दिवाणी कैद कायद्यात आहे, ५ हजारांच्या वरच्या रकमेला तीन महिन्यांपर्यंत, पण ऐपत असून जो मुद्दाम देत नाही त्याच्यासाठी. निव्वळ ऐपत नसल्याबद्दल माणसाला तुरुंगात टाकता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच जॉली जॉर्ज व्हर्गिस यांच्या प्रकरणात सांगितलं आहे. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा तो निकाल. तेव्हा तुमच्या यादीत अटकेची खरी भीती फक्त त्या चेकची.

सावकार. महाराष्ट्रात सावकारी करायला परवाना लागतो, २०१४ चा कायदा आहे. महिना ५ टक्के म्हणजे वर्षाला ६०. परवानेवाल्या सावकारालाही इतकं व्याज घेता येत नाही. बिनपरवाना असेल तर तो स्वतःच गुन्हेगार आहे आणि त्याला कोर्टातून वसुलीचा हुकूमनामा मिळत नाही. तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे लेखी तक्रार करा, कोऱ्या स्टँपचा उल्लेख करून. आजवर किती दिलेत ते वहीत असेलच, गुगल पेची नोंद असेल तर अजून चांगलं. आपल्या भागात याचा इतिहास जुना आहे. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, आणि त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. तुम्हाला काही जाळायचं नाहीये, एक अर्ज टाइप करायचाय.

आता सगळ्यात अवघड. पतसंस्था.

बिनतारणी कर्जाला बँकेला दावा लावावा लागतो, पतसंस्थेला तेवढंही नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला घेतात आणि वसुली अधिकारी थेट जप्तीला येतो. तो दाखला तुमच्या एकट्याच्या नावाने निघत नाही, जामीनदारांच्याही नावाने निघतो. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. ‘आधी त्याचं घर विका, मग माझ्याकडे या’ असं त्याला म्हणता येत नाही. तुमचा मित्र पगारदार असेल तर पतसंस्था आधी त्याच्याकडेच जाईल, कारण तिथून दरमहा पैसे येतात आणि तुमचे माग विकायला गिऱ्हाईक शोधावं लागतं. माझ्या अनुभवात दहात आठ वेळा असंच होतं. आणि हेही ऐका: तुम्ही नादारी घेतलीत, तुमची सुटका झाली, तरी जामीनदाराची होत नाही. कायद्यात स्पष्ट लिहिलंय. तुमची पाटी कोरी होईल, तुमची उधारी मित्राच्या पाटीवर लिहिली जाईल.

तुम्ही चार प्रश्न विचारलेत, त्यात मित्राचा प्रश्न नव्हता. मला वाटतं तो विसरला नव्हता.

पतसंस्थेकडे जाताना मित्राला घेऊन जा. मागांची विक्री तुम्हीच लावून देतो म्हणा, संस्थेच्या ना-हरकतीने, पैसे थेट खात्यात. माग संस्थेने ओढून नेले तर भंगारातलाही निम्मा भाव येतो. उरलेल्यावर एकरकमी परतफेडीत व्याज किती सोडता ते लेखी मागा. तोंडी ‘बघू की’ ला काही अर्थ नाही. बँक आणि कार्डवाले तडजोड करतात, विशेषतः खातं थकीत होऊन काही काळ गेल्यावर. पण सिबिलवर ‘सेटल्ड’ अशी नोंद राहते, आणि पुढची काही वर्षं कर्ज मिळायला जड जातं. तुम्हाला पुढची काही वर्षं कर्ज न मिळणं हे नुकसान आहे की औषध, ते तुम्हीच ठरवा. लोक अदालतीत ठेवून मिटवलंत तर उत्तम. तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नाही, कोणी नंतर शब्द फिरवू शकत नाही.

घर गहाण टाकून सगळ्यांना एकदम मोकळं करावं, असं बँकेतला कोणी सुचवेल. कार्ड आणि पर्सनल लोन ही बिनतारणी कर्जं आहेत. ती फेडायला घर तारण दिलंत की हप्ते चुकल्यावर बँक दाव्याशिवाय, ६० दिवसांच्या नोटिशीवर घराचा ताबा घ्यायच्या मागे लागू शकते. खर्चीच्या मजुरीतून तो हप्ता दरमहा निघेल अशी वहीच सांगत असेल तरच तो विचार करा. नाहीतर घर तुम्ही स्वतः, सावकाश, बाजारभावाने विकून भाड्याने राहणं हा त्याहून शहाणा मार्ग आहे. सांगायला बरं वाटत नाही, पण चौदा आण्यांच्या हिशेबात ते बसतं.

नादारीचा विचार मी कायमचा काढून टाका म्हणत नाही. माग गेले, घर विकलं, सगळं वाटलं आणि तरी चार-पाच लाखांचे हुकूमनामे घेऊन दोघे-तिघे अटकेचा अर्ज करू लागले, तर त्या दिवशी तो १९२० चा कायदा तुमच्या कामाचा. तेव्हा तुमच्याकडे लपवण्यासारखं काही नसेल आणि दाखवायला वही असेल. वकील शोधताना एवढंच विचारा की नादारीचा अर्ज कधी चालवलाय का. बरेच जण प्रामाणिकपणे नाही म्हणतील. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा, उत्पन्नाच्या मर्यादेत बसलात तर वकील फुकट मिळतो.

त्या वहीची सुरुवात आजच करा. देणेकऱ्याचं नाव, घेतल्याची तारीख, मुद्दल, दिलेलं व्याज, बाकी, कागद काय आणि कुणाकडे. सावकारही लिहा, साडूही लिहा. तडजोडीला बसा, लोक अदालतीत जा किंवा नादारीचा अर्ज करा, तिन्हीकडे हेच पान लागतं. तुम्ही पत्रात रकमा हजारापर्यंत बरोबर लिहिल्यात, म्हणजे वही तुमच्या डोक्यात आहे, फक्त कागदावर यायचीय.

आणि तो बक्षीसपत्राचा मसुदा. ते बक्षीस तिने स्वीकारल्याशिवाय पुरं होत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय ना? म्हणजे तिला सांगितल्याशिवाय ते होणारच नव्हतं. फाडायच्या आधी आज रात्री तिच्यासमोर ठेवा आणि हे का करायचं ठरवलं होतं ते सांगा. घर विकायचं, ठेवायचं की माग आधी काढायचे, यावर ती काय म्हणते ते मला कळवा. पुढचं उत्तर त्यावर देईन.